वगळलेले कान

एका सत्तरी ओलांडलेल्या बाईला मी एकदा पुरुष ठरवलं होतं, आणि तेही लेखी. ती घाटकोपरहून हरवली होती, तिला रोज इन्शुलिन लागायचं, आणि माझ्या त्या एका ओळीमुळे पोलिसांनी हाती आलेला एकमेव माग सोडून दिला होता. बाई सापडली, घरी आली, आजही आहे. हे ज्यांच्यामुळे झालं त्या तांडेल मॅडमबद्दल लिहायचं मी बरेच दिवस टाळत आले, कारण मॅडमबद्दल लिहायचं म्हणजे माझी ती ओळही लिहावी लागणार. तर आता लिहूनच टाकते.

मॅडम उपनगरातल्या आमच्या मेडिकल कॉलेजात न्यायवैद्यक शिकवायच्या. शवविच्छेदन, जखमांचे दाखले, कोर्टातल्या साक्षी हे आमच्या विभागाचं रोजचं काम. मॅडमचा जीव मात्र कानात होता. कानाची लांबी, रुंदी, पाळीची उंची मोजली की तो कान बाईचा की पुरुषाचा याचा अंदाज बांधता येतो, कारण पुरुषांचे कान सरासरीने जरा मोठे असतात. चेहरा दिसत नसेल, फोटो अर्धवट असेल, तेव्हा हा अंदाज पोलिसांच्या उपयोगी पडू शकतो. मी एमडीला आले तेव्हा मॅडमनी मला प्रबंधाला हाच विषय दिला. आमच्या कांदिवलीच्या सोसायटीत आईने कौतुकाने ‘आमची मुलगी लिंगनिदान शिकते’ असं सांगितलं, आणि शेजारच्या काकू दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत.

मॅडम खारदांड्याच्या. वडिलांची होडी होती, आई अंधेरीच्या बाजारात मासे विकायची, आणि शाळा सुटली की मॅडम आईच्या पाटीशेजारी बसून अभ्यास करायच्या. एवढ्या मोठ्या डॉक्टर झाल्या तरी घर त्यांनी दांड्यातलंच ठेवलं. अंगाने बारीक, चालणं भराभर, सुती साडी आणि पदराला दोन सेफ्टी पिना. एक स्वतःची, दुसरी कुणाला लागली तर म्हणून. मासा ताजा आहे का हे कल्ले उचलून बघायचं, असं त्यांना आईने शिकवलं होतं, आणि माणसाकडे बघायची त्यांची रीतही तीच होती. समोर कुणी आलं की नजर थेट कानाकडे. नवीन माणूस उगाचच कानावरून हात फिरवायचा, काही चिकटलंय की काय बघायला.

मी रुजू झाले ते मास्कचे दिवस होते. डोक्यावर टोपी, तोंडावर दोन-दोन मास्क, उघडे काय ते कान. आम्ही रेसिडेंट डॉक्टर एकमेकांना सर्रास चुकीच्या नावाने हाका मारायचो. मॅडम कधीच चुकल्या नाहीत. पाठमोरी असले तरी ‘परब, तो रिपोर्ट कुठे गेला गं?’ म्हणून बरोबर मलाच विचारायच्या. पुढे मास्क उतरले. पहिल्याच दिवशी मी उघड्या तोंडाने त्यांच्या केबिनमध्ये गेले, तर त्या अनोळखी माणसाकडे बघावं तशा बघत राहिल्या.

‘कोण हवंय?’

‘मॅडम, मी परब.’

‘मान वळव बघू.’

मी मान वळवली.

‘हां, परबच. मी तोंड वेगळं धरलं होतं तुझं. बस.’

वेगळं म्हणजे चांगलं की वाईट, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

डबा त्या विभागातच खायच्या, आणि आठवड्यातले तीन दिवस डब्यात सुकं काहीतरी असायचंच. बोंबील, जवळा, सोडे. वरच्या मजल्यावर मुलुंडचे एक शाकाहारी प्राध्यापक होते. ते एकदा वासाची तक्रार घेऊन खाली आले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, ‘सर, इथे बाजूला शवागार आहे. त्याची तक्रार तुम्ही कधी केली नाहीत. मग माझ्या बोंबलाने काय घोडं मारलंय तुमचं?’ ते आल्या पावली वर गेले. दुसऱ्या दिवशी मॅडमनी घरून वेगळ्या डब्यात नारळीभात आणला आणि स्वतः वर नेऊन दिला. तेव्हापासून त्यांचं छान जमलं, पण बोंबील काही बंद झाले नाहीत.

शिकवायची पद्धत अशी, की पहिला आठवडाभर त्यांनी मला एकच कान मोजायला लावला, त्यांचा स्वतःचा. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, निघताना एकदा. आमच्याकडे त्यासाठी स्टीलचा कॅलिपर होता, दोन टोकांत कान धरून मिलिमीटरच्या भागापर्यंत मोजणारा. माझा आकडा दर वेळी वेगळा यायचा. मॅडम वही बघायच्या आणि विचारायच्या, ‘माझा कान वाढतोय, की तुझा हात हलतोय?’ सहाव्या दिवशी तिन्ही आकडे जुळले. त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, ‘आता दुसऱ्याच्या कानाला हात लाव.’

कॅलिपर लावण्याआधी त्याची टोकं मुठीत धरून गरम करायची, हा त्यांचा नियम होता. एसीच्या खोलीत गार स्टील कानाला लागलं की माणूस दचकतो आणि आकडा चुकतो, हे मला पटलं. पण मॅडम मृतदेहाच्या बाबतीतही तेच करायच्या. मी एकदा न राहवून म्हटलं, ‘मॅडम, यांना काय गार लागणार?’

‘त्यांना नाही लागत. तुझ्या हाताची सवय मोडायला नको.’

अहवालाच्या बाबतीत तर त्या भयंकर होत्या. ‘अंदाज लिही, हुकूम सोडू नको,’ हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकलं की झोपेत म्हणून दाखवलं असतं. आम्ही ‘आहे’ लिहिलं की त्या लाल पेनाने खोडून ‘असावा’ करायच्या. पाठीमागे आम्ही त्यांना ‘असावा मॅडम’ म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा हजेरीच्या वहीत माझ्या नावापुढे त्यांनी ‘हजर असावी’ असं लिहून ठेवलं होतं, कारण मी वर्गात बसून पेंगत होते.

सगळंच काही गोड नव्हतं. मॅडमच्या तोंडून शाबासकी निघायची नाही. मार्कांच्या याद्या त्या कधी वेळेवर द्यायच्या नाहीत आणि क्लार्कने तगादा लावला की त्यालाच ऐकवायच्या. रागावल्या की आवाज चढायचा नाही, उलट खाली यायचा, आणि ‘तू’चं ‘तुम्ही’ व्हायचं. ‘डॉक्टर परब, हे तुम्ही कुठे शिकलात?’ असं कानावर पडलं की आज आपली वाट लागली, हे समजून चालायचं.

प्रबंधासाठी मला पुरुषांचे कान भरपूर मिळाले. बायकांमध्ये नर्स झाल्या, विद्यार्थिनी झाल्या, पण वयस्कर बायका मिळेनात. ‘चल आमच्या दांड्याला,’ मॅडम म्हणाल्या. एका रविवारी सकाळी त्यांच्या घराच्या ओट्यावर खुर्ची मांडून मी कॅलिपर घेऊन बसले. आजूबाजूच्या म्हाताऱ्या हौसेने जमल्या. माझ्या कागदावर एक नियम होता. कानाला इजा असेल, व्यंग असेल किंवा भोक ओघळलेलं असेल, तर तो कान वगळायचा. मी जे जुने प्रबंध चाळले होते त्यांत तो होता, मी तो जसाच्या तसा उतरवून घेतला होता, आणि मार्गदर्शक म्हणून मॅडमनी त्याखाली सही केली होती.

आता दांड्याच्या म्हाताऱ्या म्हणजे जन्मभर कानात जड सोनं वागवलेल्या बायका. भोकाची लांब चीर झालेली, पाळ खाली उतरलेली. मी एकेकीला हात जोडून परत पाठवायला लागले. शेवटी मॅडमची आई स्वतःहून खुर्चीत येऊन बसली. वय ऐंशीच्या घरात. तिने मान वळवली आणि वाट बघत राहिली.

‘आजी, तुमचा नाही चालायचा,’ मी म्हटलं.

‘का गो? माजा कान कान नाय?’

ओट्यावर हशा पिकला. मॅडमही हसल्या. ‘आये, तू नापास झालीस,’ म्हणाल्या. आजी खुर्चीतून उठली, माझ्याकडे बघून म्हणाली, ‘मंग जेवून तरी जा,’ आणि आत गेली. त्या दिवशी मी मोजले ते आजूबाजूच्या घरांतल्या तरुण सुनांचे कान, आणि जेवले मात्र पोटभर.

पुढे सगळे आकडे कागदावर मांडले तेव्हा मी खूश झाले. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, मधून सरळ रेघ ओढता येईल इतके वेगळे. त्यावरून एक सूत्र तयार झालं. आकडे घातले की उत्तर बाहेर. मॅडमनी तो कागद बराच वेळ हातात धरला.

‘एवढं स्वच्छ आलं?’

‘हो मॅडम.’

‘बाजारात असं नसतं गं. माणसं एकमेकांत मिसळलेली असतात.’

‘ओघळलेले कान काढून टाकलेत ना मॅडम, म्हणून.’

त्या ‘हं’ म्हणाल्या आणि कागद परत दिला. त्या ‘हं’चा मी फार विचार केला नाही. मला प्रबंध वेळेत द्यायचा होता.

तिसऱ्या वर्षी प्रबंध बांधायला टाकायचा त्याच आठवड्यात पीएसआय शेडगे विभागात आले. मॅडम त्या दिवशी बोरिवलीच्या कोर्टात साक्षीला गेल्या होत्या. शेडग्यांबरोबर एक चाळिशीचा माणूस होता, डोळे लाल झालेला. त्याची आई इंदूबाई सकाळपासून घरातून गायब होती. तिला विसरायचा आजार होता, डोक्याच्या ऑपरेशनसाठी केस बारीक कापलेले होते, आणि तिला रोज इन्शुलिन लागतं हे त्याने मला दोनदा सांगितलं.

शेडग्यांकडे घाटकोपरच्या एका बसस्टॉपवरच्या कॅमेऱ्याचा फोटो होता. बुशशर्ट, ढगळ पॅन्ट, डोक्यावर टोपी घातलेलं कुणीतरी बसची वाट बघत उभं. तोंड पलीकडे वळलेलं. डावा कान मात्र स्वच्छ दिसत होता.

‘टाईम जुळतोय मॅडम,’ शेडगे मला म्हणाले. मला मॅडम म्हणणारे ते पहिलेच. ‘पण हे साहेब म्हणतायत ही त्यांची आई नाही.’

‘आईने जन्मात पॅन्ट घातली नाही हो,’ तो मुलगा म्हणाला. ‘हा कुणीतरी म्हातारा आहे. तुम्ही यात वेळ घालवू नका. तिला शोधा.’

‘तेवढं सांगा मॅडम, बाई आहे की पुरुष. तसा माणूस कामाला लावतो.’

मी थांबायला हवं होतं. मॅडमना फोन करायला हवा होता. पण कोर्टात त्यांचा फोन बंद असतो हे कारण मला पुरलं, आणि खरं सांगायचं तर मला फार भारी वाटत होतं. फोटोवरून कानाची खरी लांबी कळत नाही, पण पाळ आणि बाकीचा कान यांचं प्रमाण काढता येतं. मी ते काढलं, सूत्रात घातलं. पाळ चांगलीच लांब होती, आणि माझ्या आकड्यांत लांब पाळ म्हणजे पुरुष. उत्तर आलं. मी विभागाच्या कागदावर लिहिलं, ‘सदर कान पुरुषाचा आहे.’ खाली सही केली. शेडग्यांनी कागदाचा फोटो काढला, थँक्यू म्हणाले, आणि ते दोघे निघून गेले. पोलिसांनी तो बसस्टॉप सोडला आणि हॉस्पिटलं, देवळं, पवईचा तलाव असं शोधायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आल्या तेव्हा फोटो आणि कागद माझ्या टेबलावरच होते. मी उत्साहाने सगळं सांगितलं. त्यांनी भिंग काढलं. फोटोवर वाकल्या आणि कितीतरी वेळ वर बघितलंच नाही.

‘हे कुणी लिहिलं?’

‘मी, मॅडम.’

‘डॉक्टर परब, तुम्ही हा कान बघितलात, की नुसता मोजलात?’

मॅडमनी अंगठ्याने फोटोतली पाळ झाकली आणि भिंग माझ्याकडे सरकवलं.

‘आता बघ. वरचा कान कसा आहे?’

पाळ झाकल्यावर उरलेला कान लहानसा होता, आखूड आणि अरुंद. ‘बाईचा वाटतो,’ मी म्हटलं.

त्यांनी अंगठा काढला. ‘ही पाळ जन्माची नाही, वापराची आहे. इथे काळी रेघ दिसते ती सावली नाही, चीर आहे. पन्नास एक वर्षं तरी सोनं वागवलंय या कानाने. आणि आता त्यात काहीच नाही.’

‘पण मॅडम, सूत्रामध्ये असा कान...’ मी बोलता बोलता थांबले. माझ्या सूत्रात असा एकही कान नव्हता. असे सगळे कान मी खुर्चीवरून उठवून परत पाठवले होते.

मॅडमनी तोवर शेडग्यांना फोन लावला होता. पलीकडून ते वैतागून म्हणाले असावेत, काल पुरुष आणि आज बाई कशी, कारण मॅडम म्हणाल्या, ‘काल चूक झाली. माझ्या विभागाची. लिहून देते. आधी त्या बाईंच्या सुनेला फोनवर घ्या.’ सून फोनवर आली. मॅडमनी तिला एकच विचारलं. ‘आईंच्या कानातलं कधी काढलंत?’

मी आता मॅडमच्या फोनजवळ कान नेऊन उभी होते. सून रडत सांगत होती. चारच दिवसांपूर्वी काढलं. कुड्या होत्या, वजनदार, लग्नातल्या. आई कुठेही काढून ठेवायच्या, हरवतील म्हणून तिने कपाटात ठेवल्या. तेव्हापासून आई सारख्या कान चाचपायच्या आणि घरभर शोधत फिरायच्या.

‘कुठल्या सोनाराकडच्या होत्या?’

‘भांडुपच्या. आम्ही आधी तिथे चाळीत राहायचो. पण ते दुकान आता नाही मॅडम.’

‘त्यांना कुठे माहितीये ते,’ मॅडम म्हणाल्या आणि शेडग्यांना परत फोनवर घेतलं. ‘माणूस भांडुपला पाठवा. आमच्याकडे कानातलं दुरुस्तीला टाकलं की माझी आई मिळेपर्यंत रोज सोनाराच्या दारात जाऊन बसायची. दोन पावलं पुढे-मागे असेल, पण ती बाई तिथेच असणार.’ मग त्यांनी स्वतःच्या हाताने नवा कागद लिहिला. कान बाईचा असावा, खात्री देता येत नाही, या फोटोचा माग सोडू नये. खाली सही.

दुपारपर्यंत मी एकही काम धड केलं नाही. दोनच्या सुमाराला शेडग्यांचा फोन आला. इंदूबाई भांडुपला मिळाल्या होत्या. सोनाराच्या जागी आता मोबाईलचं दुकान होतं आणि त्याच्या पायरीवर त्या बसून होत्या. रात्र जवळच्या देवळाच्या ओट्यावर काढली होती. दुकानदाराने आजोबा समजून चहा आणि वडापाव दिला होता. कपडे नवऱ्याचे होते. कुड्या शोधताना ट्रंक उपसली असेल आणि हाताला लागलं ते अंगात घातलं असेल, एवढाच अंदाज. साखर खूप वाढली होती, ग्लानी आली होती. डॉक्टर म्हणाले, अजून एक रात्र गेली असती तर सांगता आलं नसतं.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. परत आले तेव्हा मॅडमनी डबा उघडला होता. अर्धा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, ‘खा. सकाळपासून काही खाल्लं नाहीस.’ सुका जवळा होता. तेव्हाही त्या मला रागाचा एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मला त्याचंच जास्त लागलं.

संध्याकाळी मी प्रबंधाचं विचारलं. मॅडम म्हणाल्या, ‘तुझं तू ठरव. नियम कागदावर लिहिलेला आहे, सही आहे, आकडे खरे आहेत. असाच दिलास तर पास होशील.’ मी दोन दिवस घरी तोंड फुगवून बसले. बाबा गिरणी बंद झाल्यापासून मिळेल ते काम करत आले होते, आणि मुलगी या वर्षी एमडी होणार हे त्यांनी अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं. मॅडमचाही राग आला. त्यांना ती दांड्याची सकाळ तेव्हाच खटकली असती तर, असं मनात आलं. तिसऱ्या दिवशी मी जाऊन सांगितलं की मला परत मोजायचंय. त्यांनी मान हलवली, ड्रॉवर उघडला आणि एक पत्र माझ्यापुढे ठेवलं. विद्यापीठाला लिहिलेलं, माझ्यासाठी सहा महिन्यांची मुदत मागणारं. नियम तपासायची जबाबदारी मार्गदर्शकाची होती आणि ती माझ्याकडून पार पडली नाही, असं त्यात सरळ लिहिलं होतं.

‘मॅडम, चूक माझी होती,’ मी म्हटलं.

‘तू माझ्या आईला परत पाठवलंस तेव्हा मी हसले,’ मॅडम म्हणाल्या. ‘तू शिकत होतीस. मी शिकत नव्हते.’

निवृत्तीला त्यांना वर्षही उरलं नव्हतं. कागदावर असा डाग लावून घ्यायची त्यांना काही गरज नव्हती. माझी नोकरी, माझं नाव, कोर्टात उभं राहायची हिंमत, सगळं त्या पत्रामुळे उभं आहे. एवढं ऋण कसं फेडतात मला माहीत नाही, म्हणून निदान कबूल करते.

सहा महिन्यांनी प्रबंध पुरा झाला तेव्हा मधली ती सरळ रेघ राहिली नव्हती. बायका आणि पुरुष एकमेकांत मिसळले होते, सूत्र पूर्वीपेक्षा जास्त वेळा चुकत होतं, आणि ते कुठे चुकतं याचं एक अख्खं प्रकरण मी लिहिलं. बाहेरच्या परीक्षकांनी तेच प्रकरण सगळ्यात जास्त वेळ वाचलं. मी पास झाले. मॅडम निवृत्त झाल्या आणि दोन वर्षांनी एका छोट्याशा आजाराचं निमित्त होऊन गेल्या. निवृत्तीनंतरही आम्ही भेटलो होतो, फोनवर तर बोलायचोच. पण त्यांची आठवण आली की मला दिसते ती त्या सहा महिन्यांतली पहिली सकाळ, घाटकोपरच्या एका सातव्या मजल्यावरच्या घरातली.

नव्या यादीतला पहिला कान इंदूबाईंचा घ्यायचा, हे मॅडमनीच ठरवलं होतं. घरच्यांनी आनंदाने बोलावलं. इंदूबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, केस पुन्हा वाढायला लागलेले, आणि कानात कुड्या. सून म्हणाली, ‘हरवल्या तर हरवल्या. आईंपेक्षा जास्त नाहीत.’ मी कॅलिपर काढला आणि पंचाईत लक्षात आली. चीर इतकी लांबली होती की कुडी अगदी खाली उतरून पाळीची कड झाकत होती. मोजायचं तर ती काढायला हवी. मी हात पुढे केला, तसे इंदूबाईंनी दोन्ही कान तळव्यांनी गच्च झाकून घेतले.

‘माझ्यो कुड्यो काढूक देवचंय नाय.’

‘नाय काढनंय, आजी,’ मीही आमच्या घरच्या मालवणीत म्हटलं आणि मागे सरले. मॅडमना म्हटलं, ‘काढल्याशिवाय मोजता येणार नाही. नियमात बसत नाही.’

‘मग घालूनच मोजायचं. तसं लिही कागदावर.’

मॅडम खाली फरशीवर गुडघे टेकून बसल्या. इंदूबाईंशी काहीबाही बोलत राहिल्या, भांडुपच्या चाळीचं, तिथल्या पाण्याचं, कुड्या घडवल्या त्या सोनाराचं. हळूहळू त्यांचा डावा हात कानावरून खाली आला. मग मॅडमनी आपल्या तर्जनीचं टोक कुडीखाली नेलं आणि ती अलगद वर उचलून धरली, एवढीच की पाळीची कड मोकळी व्हावी. मी टोकं लावली, आकडा वाचला, लिहिला. पुन्हा एकदा मोजला, तोच आला. इतक्या वर्षांचा भार क्षणभर कानावरून उतरला म्हणून असेल, इंदूबाईंनी डोळे मिटले होते आणि मान मॅडमच्या हाताकडे कलली होती.

‘झालं, मॅडम,’ मी म्हटलं.

मॅडमनी बोट काढलं नाही.

‘थांब गं जरा,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘बरं वाटतंय त्यांना.’